ए झाला, बी झाला, हा 'सी' फ्लू कुठे असतो?

सूक्ष्मदर्शिनी

मागच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. भाचा पावणेदोन वर्षांचा, चार दिवस ताप, नाक वाहतंय, खोकला असा की शेजारचे विचारायला आले. डॉक्टरांनी नाकातला स्वॅब घेऊन मोठं पॅनल करायला सांगितलं. रिपोर्ट आला दोन पानी, वीसबावीस जंतूंची नावं आणि प्रत्येकासमोर 'आढळले नाही'. बहीण म्हणाली, अगं एवढे पैसे घालून काहीच नाही, मग ताप काय हवेतून आला का? आता हवेतूनच आला हे खरं, पण तिला ते त्या वेळी म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मी पॅथॉलॉजीवाली, आता मॉलिक्युलर लॅबमध्ये दिवसभर पीसीआरच्या प्लेटा लावते. त्यामुळे मला पहिला प्रश्न हा पडतो की रिपोर्टमध्ये काय नाहीये. इन्फ्लुएन्झा ए होता, त्याचे एच१, एच३ वेगळे होते, इन्फ्लुएन्झा बी होता, आरएसव्ही, ऱ्हायनो, अ‍ॅडिनो, चार साधे करोना असे सर्दीखोकल्याचे बाकीचे विषाणू, सगळे होते. इन्फ्लुएन्झा सी नव्हता. भाच्याला सीच झाला होता असं माझं म्हणणं नाही, ते आता कोणालाच कळणार नाही आणि भाचा केव्हाच बरा होऊन रिमोट चावतोय. पण बहिणीला म्हटलं सी नावाचा एक फ्लू असतो तर ती म्हणे तू काहीही सांगतेस. म्हणून हा धागा.

तर सी असतो. १९४७ साली अमेरिकेत टेलर नावाच्या संशोधकाला साध्या सर्दीपडशाच्या एका माणसात एक विषाणू सापडला जो ए ला जुळेना आणि बी लाही जुळेना. ए १९३३ ला लंडनमध्ये सापडला होता, बी १९४० मध्ये थॉमस फ्रान्सिसना, मग हा तिसरा. १९५० मध्ये फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तसाच आणखी एक मिळाला तेव्हा लोकांनी तो मनावर घेतला. आणि त्यानंतर जवळजवळ विसरून गेले, कारण याने ना महासाथ आणली ना वॉर्ड भरवले. आणि वाढवायला महाकटकटीचा.

तो कटकटीचा भाग मी स्वतः केलाय. नोकरीच्या सुरुवातीला एका लॅबमध्ये (नाव नको) आम्हाला शिकवायला म्हणून सीचा रेफरन्स स्ट्रेन (लॅबमध्ये ताडून बघायला ठेवलेला ठरावीक विषाणू) अंड्यात वाढवायला दिला होता. फ्लू ए अंड्यात घालणं तसं सोपं, दहाअकरा दिवसांचं फलित अंडं, अंधाऱ्या खोलीत दिव्यावर धरायचं, हवेची पोकळी कुठे संपते तिथे पेन्सिलीने रेघ मारायची, भोक पाडायचं, सुई बाहेरच्या पिशवीत, झालं. सी तिथे वाढत नाही. त्याला आतली पिशवी लागते, पिल्लाला लगटून असलेली, आणि त्यासाठी अंडं आठनऊ दिवसांचंच हवं. म्हणजे दिव्यावर पिल्लाच्या डोळ्याचा काळा ठिपका शोधायचा आणि सुई त्या दिशेने न्यायची, सुई हलवली की पिल्लू बरोबर हललं तर समजायचं बरोबर जागी आहोत. पहिल्या दिवशी माझी किती अंडी मेली ते विचारू नका. पुढे ३३ डिग्रीला चारपाच दिवस, ३७ ला नाही, हा नाकातल्या थंडाव्यात राहणारा विषाणू आहे.

आणि एवढं करून वाढला का हे बघायला कोंबडीच्या तांबड्या पेशी घालायच्या. विषाणू असेल तर पेशी एकमेकींना धरून खाचेत चादर पसरल्यासारख्या दिसतात, नसेल तर तळाला लाल बटण बसतं. माझ्या प्लेटीत सुंदर चादरी दिसल्या, मे महिना, तेवढ्यात सीनियर बाई म्हणाल्या चल चहा घेऊ. मी प्लेट तशीच टेबलावर ठेवून गेले. परत येऊन बघते तर अर्ध्या चादरींची बटणं झालेली! मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं वाचलं होतं. बाई हसल्या, म्हणाल्या हा सी आहे बाई, याला बर्फावर ठेवून वाचायचं असतं. याच्या अंगावरचं प्रोटीन पेशीला धरतंही आणि तेच धरलेलं कापतंही. थंडीत कापायचं काम मंदावतं म्हणून चादर टिकते. उकाड्यात तू चहाला गेलीस आणि त्याने हात सोडला.

ए आणि बी मध्ये ही दोन कामं दोन वेगळी प्रोटीनं करतात, एच आणि एन, तेच ते एच१एन१ मधले. सी कडे एकच, दोन्ही कामांना मिळून. म्हणून जनुकांचे तुकडेही ए-बी चे आठ आणि याचे सात. म्हणून याला एच अमुक एन तमुक असं पेपरात छापायला छान नावही नाही, बिचारा नुसता सी.

आता याचा माग कोण ठेवतं ते लिहायचं आहे पण भाताचा कुकर झालाय. बाकी प्रतिसादात.

वाकडी_वाट

म्हणजे चांगल्या कुळातली तीन भावंडं, दोघं गावभर गाजलेली आणि तिसरा घरातच असतो पण कोणाला माहीत नाही. आमच्या वाड्यात होता असा एक काका.

लेख आवडला. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. कुकरच्या शिट्ट्या किती त्यावर भात अवलंबून.

भोचक_भवानी

सूक्ष्मदर्शिनी ताई मस्त लिहिलंय, चहाचा किस्सा भारी. एक बाळबोध प्रश्न, आम्ही दरवर्षी फ्लूची लस घेतो ती याला चालते का? आणि ती टॅमीफ्लू?

सूक्ष्मदर्शिनी

भवानी, दोन्हीला नाही. लशीत ए चे दोन आणि बी चा एक किंवा दोन प्रकार असतात, सी कधीच नसतो. टॅमीफ्लू म्हणजे ओसेल्टामिव्हिर, ते त्या 'एन' प्रोटीनला अडवतं, आणि याच्याकडे एन मुळात नाहीच, त्यामुळे औषध बिचारं दार शोधत फिरतं. उपचार म्हणजे आपला नेहमीचा, तापाला पॅरासिटामॉल, नाकात सलाईनचे थेंब, पाणी, झोप, आणि बाळाच्या छातीवर लक्ष.

बालरोगवाला

सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस आहे, वीस वर्षं. प्रामाणिकपणे सांगतो, सी चं नाव एमबीबीएसला एका ओळीत वाचलं, 'माइल्ड डिसीज', पुढे एमडीला पुन्हा तीच ओळ. त्यानंतर आज.

माझ्याकडे जानेवारीत दिवसाला साठसत्तर पोरं येतात, त्यातली चाळीस नाक गळणारी. पॅनल कोणाचं करणार, इथे ज्याला ऑक्सिजन लागतोय त्याचंही करताना बापाच्या खिशाकडे बघावं लागतं. त्यामुळे माझा प्रश्न थोडा कोरडा आहे, राग मानू नये. कळलं सी आहे, तर मी काय वेगळं करणार? तीच सलाईन, तेच थेंब.

एक गोष्ट मात्र मान्य. रिपोर्टमध्ये सगळं निगेटिव्ह आलं की आईबाप म्हणतात मग इन्फेक्शन दिसत नाहीये म्हणजे काहीतरी मोठं असेल, अँटिबायोटिक द्या. आणि खरं सांगू का, चौथ्या दिवशी माझाही हात तिकडे जातो. नाव मिळालं असतं तर हात आवरला असता.

सूक्ष्मदर्शिनी

डॉक्टर, राग कसला, तुमचा मुद्दा बरोबरच आहे. एकेका पोराला सी म्हणून नाव मिळालं तर तुमची चिठ्ठी फारशी बदलत नाही. माझं म्हणणं त्या एका पोराबद्दल नाहीये, मी माग ठेवण्याबद्दल बोलतेय.

'माइल्ड डिसीज' ही ओळ मुळात आली कुठून? तर कोणी फारसं शोधलंच नाही त्यातून. जिथे शोधलं तिथलं चित्र बघा. जपानमध्ये यामागाता म्हणून एक प्रांत आहे, तिथल्या विद्यापीठातल्या योको मात्सुझाकी आणि त्यांच्या बरोबरची मंडळी, शेजारच्या सेंदाईतली लॅब, आणि आजूबाजूचे बालरोगतज्ज्ञ, यांनी कित्येक वर्षं एकच काम केलं. सर्दीतापाची पोरं आली की स्वॅब घ्यायचा, पेशींवर वाढवायचा, आणि ए, बी बरोबर सी सुद्धा बघायचा. १९९० ते २००४ या चौदा वर्षांत ऐंशी हजारांवर नमुने तपासले आणि सी मिळाला दोनशेच्याही आत. चौदा वर्षं! दुसरी कुठलीही लॅब असती तर तिसऱ्या वर्षी म्हणाली असती सोडा हो.

पण त्या दोनशेच्या आतल्या पोरांमुळे कळलं की ताप, खोकला, वाहतं नाक ही नेहमीची लक्षणं, पण दोन वर्षांच्या आतल्यांत ब्राँकायटिस, न्यूमोनिया होऊन अ‍ॅडमिट होणारीही बरीच होती. म्हणजे 'माइल्ड' ही ओळ मोठ्यांसाठी ठीक, तान्ह्यांसाठी नाही. हे क्लिनिकमध्ये एकेक पोरगं बघून कळलं नसतं.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. तिथे २००४ ते २०१४ बघितलं तर सी ची लाट यायची एक वर्ष सोडून, सम वर्षांत. २००४ ला तर जानेवारी ते जुलै सगळ्या जपानभर होता. म्हणजे आपला नेहमीचा फ्लू संपून लोक निवांत होतात तेव्हाही हा हिंडत असतो. एक वर्ष सोडून येणारी लाट ओळखायला किती वर्षं बघावं लागेल? निदान सातआठ. आणि आपल्याकडे प्रोजेक्ट किती वर्षांचा मंजूर होतो? तीन. त्यातलं पहिलं वर्ष केमिकल्सच्या कोटेशनमध्ये जातं.

वाकडी_वाट

पहिलं वर्ष कोटेशन, दुसरं वर्ष मशीन आलं पण इंजिनिअर यायचाय, तिसरं वर्ष युटिलायझेशन सर्टिफिकेट. विषाणूने काय त्यांच्या सोयीने यायचं का? हलकेच घ्या.

आकडेमोड

थोडा आकड्यांचा किडा वळवळला. ऐंशी हजारात दोनशेच्या आत म्हणजे ०.२ टक्के धरा. पण मी कुठेतरी वाचलंय की दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांच्या रक्तात सी च्या अँटिबॉडी असतात. ही दोन्ही वाक्यं एकत्र कशी खरी? हजारात दोघांना सापडतो आणि सगळ्यांना होऊन गेलेला असतो?

मग कागद घेऊन बसलो. लहान पोराला वर्षाला सहाआठ वेळा सर्दी होते असं डॉक्टर मंडळी म्हणतात, मोठं होईल तशी कमी. दहा वर्षांत ढोबळ पन्नास धरू. त्यातली एक सी ची असली तरी पोरगं पॉझिटिव्ह होऊन जातं. म्हणजे सगळ्या सर्दींमध्ये सी चा वाटा पन्नासात एक, दोन टक्के. पण स्वॅब कोणाचा निघतो? जास्त आजारी असलेल्याचा. सी ची सर्दी हलकी असेल तर ती दवाखान्यात येतच नाही, घरी विक्स लावून जाते. वरून पेशींवर वाढवण्याच्या पद्धतीत बरेच निसटत असणार. मग दोनाचे ०.२ झाले यात काही आश्चर्य नाही. दोन्ही वाक्यं आरामात नांदतात.

चुकलं असेल तर सांगा. मी कॉमर्सचा माणूस.

सूक्ष्मदर्शिनी

दंडवत घ्या आकडेमोड. काही चुकलेलं नाही, आणि हे इतकं सरळ मला जमलं नसतं. भर एवढीच की पीसीआर आल्यावर टक्का थोडा वर सरकला पण फार नाही. स्कॉटलंडमध्ये तीन हजारांवर नमुने बघितले, सी मिळाले सहा. अमेरिकेत मिनेसोटात २०१३ ते २०१६ मध्ये अ‍ॅडमिट झालेल्या १०,२०२ जणांत ५९, म्हणजे ०.५८ टक्के, आणि ओपीडीतल्या २,२८२ जणांत ११. आता गंमत बघा, त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश एकट्या २०१४-१५ च्या हंगामातले. दुसऱ्याच हंगामात अभ्यास केला असता तर लिहिलं असतं 'जवळपास आढळत नाही'.

मिनेसोटाची_मावशी

अय्या आमचं मिनेसोटा!! आम्ही २०१४ मध्येच आलो इथे, लेक तेव्हा दीड वर्षाचा, डेकेअरला घातला आणि त्या हिवाळ्यात तो पोरगा कधी बराच नव्हता असं मला आठवतंय. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर, आणि डॉक्टर म्हणणार इट्स व्हायरल, घरी न्या. माझ्या सासूबाई व्हिडीओ कॉलवर म्हणायच्या तिकडचे डॉक्टर काही देतच नाहीत का गं, इकडे घेऊन ये आपल्या डॉक्टरांकडे, दोन दिवसांत उभा करतील. आता वाटतंय त्यातली एखादी सर्दी याच महाराजांची असेल. मग एवढ्या लोकांत सगळ्यात जास्त कोणात सापडला?

सूक्ष्मदर्शिनी

मावशी, तुमचा लेक अगदी त्याच वयाचा. सहा महिने ते दोन वर्षं, त्यांच्यात १.२ टक्के, सगळ्यात जास्त. पण सापडला सगळ्या वयांत, म्हाताऱ्यांतही. एकदा झाला की आयुष्यभराची सुट्टी असं नाही, पुन्हा होतो. सासूबाईंना सांगू नका.

तोक्योतला_तुका

यामागाताचं नाव वाचून आलो. तोक्योहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पावणेतीन तास, चेरीसाठी प्रसिद्ध, थंडीत बर्फ एवढा की गाडी शोधायला काठी लागते. दोनदा गेलोय, विषाणूंचं गाव आहे हे माहीत नव्हतं.

इथली सवय सांगतो म्हणजे तिथेच हे का जमलं असेल ते कळेल. पोराला ताप आला की डेकेअर घेत नाही, मग लोक सरळ जवळच्या क्लिनिकमध्ये जातात, लहान मुलांचा खर्च बराचसा सरकार उचलतं, आणि डॉक्टर नाकात काडी घालायला अजिबात कचरत नाही. पंधरा मिनिटांत ए का बी ते पट्टीवर सांगतात. अर्थात त्या पट्टीवर दोनच रेघा, ए आणि बी, सी नाही. पण साध्या सर्दीतापाच्या पोराच्या नाकातून नमुना निघणं ही इथे रोजची गोष्ट आहे. आपल्याकडे साध्या सर्दीला स्वॅब म्हटलं तर आजी डॉक्टरला काठी घेऊन मारेल.

जाता जाता, पेपरात वाचलं होतं की यामागाता नावाचा फ्लू जगातून नाहीसा झाला. मग हा कुठला?

सूक्ष्मदर्शिनी

छान आठवण केलीत, हा घोळ सगळ्यांचा होतो. नाहीसा झालेला तो बी-यामागाता, इन्फ्लुएन्झा बी ची एक शाखा. मार्च २०२० नंतर तो कुठेच खात्रीने दिसला नाही, आणि २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं की लशीतून काढा आता. म्हणूनच वर भवानीला मी 'बी चा एक किंवा दोन' असं लिहिलं. नाव त्याच गावाचं कारण १९८८ चा नमुना तिथला. सी मध्येही सहा शाखा आहेत आणि त्यातल्या एकीचं नाव पुन्हा यामागाताच! बाकीच्या टेलर, मिसिसिपी, आयची, कानागावा आणि साओ पावलो. सहातली तीन नावं जपानी, यावरूनच कळतं शोधत कोण होतं. हल्ली दिसतात त्या मुख्यतः कानागावा आणि साओ पावलो.

आणि हा बदलतो अगदी सावकाश. ए दरवर्षी वेष पालटतो म्हणून लस दरवर्षी नवी, सी चा एकेक अवतार वर्षानुवर्षं टिकतो. मात्र दोन शाखा एकाच पोरात भेटल्या तर सात तुकड्यांची अदलाबदल करतात, तेही जपानी लोकांनीच १९४७ पासूनचे नमुने एकमेकांशी ताडून दाखवलं. जुने नमुने फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते म्हणून. आपल्याकडे उणे ऐंशीचा फ्रीजर बंद पडला की आधी जुने डबे जातात, नव्यांना जागा करायला. (हे माझं दुःख आहे, कोणा एका लॅबचं नाही.)

भोचक_भवानी

आणि भारतात? का इथेही कोणी बघतच नाही?

सूक्ष्मदर्शिनी

बघितलंय, अगदीच नाही असं नाही. २०१३ मध्ये कोलकात्याच्या मंडळींनी पूर्व भारतात सापडलेल्या सी चा पूर्ण जिनोम, म्हणजे सगळी जनुकं, वाचून छापला. आणि २०१७ मध्ये आपल्या पुण्याच्या एनआयव्हीतल्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) लोकांचा पश्चिम भारतातल्या सी वर पेपर आला, काही वर्षांचे नमुने चाळून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके मिळाले. म्हणजे आहे, इथेच आहे, आपल्याच नाकात आहे. पण ते मागे वळून बघणं होतं, साठवलेल्या नमुन्यांवर.

मागे वळून बघणं आणि रोज बघणं यातला फरक बघायचा तर हाँगकाँग बघा. २०१४ पासून त्यांनी नेहमीच्या तपासणीतच सी घालून टाकला, फ्लूसारखा आजार घेऊन आलेल्या कोणाचाही नमुना आला की सी पण बघायचा. आणि मग दिसलं की थोडाथोडा कायमच असतो, आणि २०१५-१६ आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यांत तर चक्क दोन उद्रेक झाले. आता हे दोन उद्रेक काय २०१४ ची वाट बघत थांबले होते का? आधीही येऊन गेले असणार, 'कुठलासा व्हायरल' म्हणून.

वाकडी_वाट

आता मी जरा खरंच तिरकं विचारतो. आपल्याकडे टीबी आहे, डेंगी आहे, पावसाळ्यात लेप्टो आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूत पुण्यात ऑगस्टमध्ये शाळा बंद, रुमाल बांधून फिरलोय, तपासणीच्या रांगेत मी स्वतः चार तास उभा होतो. तेव्हा ए नेच नाकी नऊ आणले. मग हजारात पाच सापडणाऱ्या, लस नसलेल्या, औषध नसलेल्या, बहुतेकांना तीन दिवसांत सोडून जाणाऱ्या विषाणूवर पैसे का घालायचे? श्रीमंत देशांची हौस वाटते मला.

बालरोगवाला

मी पण हेच म्हणणार होतो, पण दुपारी एक गोष्ट आठवली म्हणून थोडं बदलून म्हणतो. आरएसव्हीचं असंच होतं. मी शिकत होतो तेव्हा आम्ही सगळ्याला ब्राँकिओलायटिस (तान्ह्यांच्या छातीतल्या बारीक नळ्यांची सूज) म्हणायचो, जंतू कुठला याच्याशी घेणंदेणं नाही. लोकांनी वर्षानुवर्षं मोजलं, किती तान्ही अ‍ॅडमिट होतात, कुठल्या महिन्यात, म्हणून आज त्याची लस आली, गरोदरपणात देतात. मोजलं नसतं तर कंपनीने कशाला बनवली असती. सी ची लस यावी असं नाही म्हणत, तेवढा तो मोठा नाही. पण मोठा नाही हे सुद्धा मोजूनच कळणार ना.

सूक्ष्मदर्शिनी

डॉक्टर +१.

वाकडी_वाट, तुमचा प्रश्न खोडसाळ नाही, मला स्वतःलाही पडतो. प्रत्येक हॉस्पिटलच्या पॅनलमध्ये सी घाला असं मी म्हणतच नाहीये, तसं केलं तर बिल वाढेल आणि रिपोर्टवर आणखी एक 'आढळले नाही'. पण फ्लूची सरकारी सेंटिनेल केंद्रं, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी नियमित नमुने घेणारी, आधीच चालू आहेत, स्वॅब निघतोच आहे, आरएनए (विषाणूचं जनुकद्रव्य) काढलं जातंच आहे. खर्च तिथेच होऊन जातो. त्याच आरएनएवर सी च्या प्रायमरची एक जोडी आणि प्रोब (पीसीआरमध्ये सी ओळखणारे छोटे तुकडे), एवढंच जास्तीचं. राज्यात एका ठिकाणी करा, पण दहा वर्षं न थांबता करा. पाच ठिकाणी दोन वर्षं केल्याचा काही उपयोग नाही, ते वर मिनेसोटाचं उदाहरण दिलं ना, नेमकं चुकीचं वर्ष धरलं की संपलं.

आणि वेळही बघा. आपल्याकडे फ्लू दोनदा वर येतो, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. जपानात सी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत रेंगाळतो. इथे मार्चएप्रिलमध्ये कोण स्वॅब घेतंय, परीक्षा, आंबे आणि लग्नं. तो महाराष्ट्रात कुठल्या महिन्यात येतो हे वर्षभर सारखं बघितल्याशिवाय कसं कळणार.

गोठा_आणि_मी

सांगली साईडचा, वीस म्हशी आन सहा जर्सी. माझा वेगळाच प्रश्न. आमच्या डॉक्टरनी सांगितलं की फ्लूचा डी पण असतो आन तो गायींचा असतो. तर गुरं सर्दाळली की आपण जवळ जावं का नाही? धारा तर काढाव्याच लागणार, सुट्टी कोण देतंय.

सूक्ष्मदर्शिनी

दादा, एकदम योग्य प्रश्न, आणि डी ची गोष्ट सी शिवाय होतच नाही. २०११ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका आजारी डुकरात विषाणू सापडला, आधी वाटलं सी च आहे, वाचून बघितला तर सी शी निम्माच जुळणारा. पुढे कळलं त्याचं खरं घर गाई. म्हणून त्याला वेगळा धरून २०१६ मध्ये अधिकृतपणे डी नाव दिलं. फ्लोरिडात गुरांबरोबर काम करणाऱ्यांचं रक्त तपासलं तर नव्वद टक्क्यांवर लोकांत त्याच्या अँटिबॉडी, गुरांशी संबंध नसलेल्यांत बऱ्याच कमी. गट लहान होता, पण विषाणू माणसाच्या नाकाशी पोचतोय एवढं दिसलं. त्याने माणूस आजारी पडतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही. त्या स्कॉटलंडच्या नमुन्यांत डी पण शोधला होता, एकही मिळाला नाही.

तेव्हा धारा काढा. गुरू शिंकत असेल तर तोंडाला रुमाल, नंतर हात धुवा, आणि आजारी जनावर बाकीच्यांपासून लांब बांधा, ते तुमचे डॉक्टर सांगतीलच. सी सुद्धा अगदीच माणसाचा नाही बरं का, चीनमध्ये १९८१ मध्ये डुकरांत सापडला होता.

गोठा_आणि_मी

बरं. म्हशीला मास्क नको ना बांधायला, तेवढं टेन्शन होतं.

आकडेमोड

अवांतर, वर म्हटलं ना सी चं प्रोटीन धरतं आणि कापतं, तर हे त्यालाच सुचलं की आणखी कोणाकडे आहे? उगाच कुतूहल.

सूक्ष्मदर्शिनी

उगाच नाही, हा माझा आवडता विषय. सर्दी आणणारा एक जुना करोना आहे, ओसी४३, कोविडच्या कितीतरी आधीपासून आपल्यात आहे. त्याच्या अंगावर एक कापणारं प्रोटीन आहे जे सी च्या प्रोटीनचं नात्यातलं निघालं. अंदाज असा की कधीकाळी सी सारख्या कुठल्यातरी विषाणूकडून करोनाच्या पूर्वजाने ते उचललं. म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही त्याच्या घरची वस्तू दुसऱ्याच्या घरात रोज वापरात आहे.

तोक्योतला_तुका

काल लेकाला क्लिनिकला न्यायचं होतंच, तर डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, 'सी-गाता' म्हणजे सी टाइप बघता का म्हणून. आधी मला वाटलं माझं जपानी चुकलं कारण ते बराच वेळ माझ्याकडेच बघत होते. मग हसले, म्हणाले कॉलेजनंतर हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. आम्ही नाही बघत, यामागाताला विचारा. आणि लेकाच्या पट्टीवर काहीच आलं नाही, ए नाही बी नाही. तीन दिवस घरी.

मिनेसोटाची_मावशी

वाचनखूण साठवली. ताई तुमच्या त्या अंड्यांचं नंतर काय करायचात हे विचारायचं राहूनच गेलं. भाबडा प्रश्न आहे, हसू नका.

सूक्ष्मदर्शिनी

ऑटोक्लेव्ह, मावशी, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायचं यंत्र. १२१ डिग्रीला, लाल पिशवीत, दार उघडलं की जो वास येतो त्यानंतर दोन वर्षं मी अंडाकरीच्या वाटेला गेले नव्हते. नवऱ्याला खरं कारण लग्नानंतर सांगितलं.